झोपेची गोळी सोडताना डाएट: चरबीत साठलेलं औषध खरंच बाहेर येतं का?

पाणकणीस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण इथे थायरॉइडवर आणि पाळी जाण्याच्या काळावर इतके चांगले धागे झालेत की विचारायला हरकत वाटत नाही.

मी बरीच वर्षं रात्री क्लोनाझेपाम ०.५ घेते. पाळी जायच्या दिवसांत झोप पार उडाली होती, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी "पंधरा दिवस घेऊन बघा" म्हणून दिली. ते पंधरा दिवस कधी संपलेच नाहीत. आता मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती उतरवतेय. गोळीचा चतकोर कमी करायचा, काही आठवडे थांबायचं, परत चतकोर. अर्ध्या मिलिग्रॅमवरून पाऊणपट, मग निम्म्यावर अशी आले.

याच सुमारास शुगर काठावर आली म्हणून घरात दिवसातून दोनदाच जेवायचं, भात-पोळी जवळजवळ बंद, असं सुरू झालं. वजन भराभर उतरलं, पॅन्टी ढगळ झाल्या, सगळे खूश. पण गोळीचा त्रास एकदम वाढला. पहाटे छाती धडधडून जाग येते, पोटऱ्यांत गोळे येतात, कुकरची शिट्टीसुद्धा अंगावर आल्यासारखी वाटते. पहिला चतकोर कमी केला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. त्यातले गृहस्थ सांगतात की झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं चरबीत साठतात, वजन उतरलं की ते "विष" रक्तात येतं, म्हणून त्रास होतो, आणि उपाय म्हणजे आणखी उपास करून सगळं बाहेर काढायचं. दुसऱ्या एका गटात नेमकं उलट: भरपूर तूप खा, मेंदूला वंगण मिळतं. आता तूप खाऊ का उपास करू?

- - -

हिंगाष्टक

उपासाच्या दिवशी तूप खा, दोन्ही पक्ष खूश. :)

विनोद बाजूला. आमच्या आजोबांच्या उशाशी काम्पोजची (डायझेपाम, झोपेची गोळी) पट्टी आणि बडीशेपेची डबी शेजारी शेजारी असायची, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. धागा वाचतोय.

- - -

खलबत्ता

औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लांबण लागणार. आणि मी तुमचा डॉक्टर नव्हे. डोस किती नि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

व्हिडिओतलं निम्मं खरं आहे, म्हणूनच तो इतका फिरतो. बेन्झोडायझेपाइन गटातली औषधं (तुमचं क्लोनाझेपाम, तसंच डायझेपाम, लोराझेपाम) चरबीत विरघळतात. विरघळली नसती तर मेंदूत शिरलीच नसती. डायझेपाम तर फारच विरघळतं. फिट आलेल्या माणसाला ते शिरेतून दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत पोचतं, पण लगेच तिथून निघून शरीरातल्या बाकीच्या चरबीत पांगतं. म्हणून शरीरात दिवसचे दिवस राहणाऱ्या या औषधाचा फिट थांबवण्याचा परिणाम मात्र लवकर ओसरतो. लोराझेपाम चरबीत कमी विरघळतं, त्यामुळे ते मेंदूत जास्त टिकतं, आणि लांबलेल्या फिटमध्ये बऱ्याच ठिकाणी त्यालाच पहिली पसंती असते.

अंगात चरबीचं प्रमाण जास्त असेल तर डायझेपामला पांगायला जागा जास्त मिळते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अबरनेथी आणि ग्रीनब्लाट यांनी स्थूल माणसांमध्ये हे मोजलं: यकृत औषध साफ करायच्या वेगात मागे नसतं, पण पसारा मोठा असल्याने औषध निम्मं व्हायला जास्त वेळ लागतो. वयाचंही तसंच. १९७५ मध्ये क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डायझेपाम निम्मं व्हायला विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात ९० तासांच्या आसपास. म्हातारपणी स्नायू घटतात, चरबीचा वाटा वाढतो, हे त्यामागचं एक मोठं कारण.

इथपर्यंत व्हिडिओवाले गृहस्थ बरोबर. पुढे घसरतात. चरबी म्हणजे कुलूप लावलेली तिजोरी नाही. नळीने जोडलेल्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एकीतली पातळी उतरली की दुसरीतलं पाणी आपोआप तिकडे येतं. रक्तातलं औषध यकृत साफ करत राहतं, तसतसं चरबीतलं रक्तात येत राहतं. त्यासाठी वजन कमी करावं लागत नाही, उपास करावा लागत नाही. निम्मं होण्याचा जो काळ आपण मोजतो त्यात हे चरबीतून येणंही धरलेलंच असतं.

आता हिशेब. क्लोनाझेपाम निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास. असे पाच टप्पे झाले की जवळजवळ ९७ टक्के गेलेलं असतं. ४० तास धरले तरी २०० तास, म्हणजे आठ-नऊ दिवस. डायझेपामपासून शरीरात जे डेसमिथिलडायझेपाम तयार होतं ते सगळ्यात चिवट. त्याचा अगदी वाईटातला वाईट आकडा २०० तास. तरी सहा आठवड्यांत खेळ खलास. गोळी सुटून वर्ष झाल्यावर पाठीला मुंग्या येतात त्या चरबीतल्या औषधाच्या नाहीत. तेवढं औषध तिथे उरलेलंच नसतं.

उलट विचार करून बघा. औषध चरबीतून रक्तात येत असेल तर काय होईल? गोळी सोडण्याचा त्रास कमी व्हायला हवा, वाढायला नको! त्रास होतो तो औषध कमी पडल्यामुळे. व्हिडिओतला तर्क इथेच स्वतःच्या पायात पाय घालून पडतो.

- - -

शिळोप्याचा_गडी

+१. शेवटचा मुद्दा इतका साधा आहे आणि एकाही फॉरवर्डमध्ये वाचला नव्हता.

- - -

पाणकणीस

खलबत्ता सर, पटलं. पण मग मला त्रास का वाढला? आणि गोळी पूर्ण सुटल्यावरही महिनोन् महिने काहींना त्रास राहतो असं वाचलंय, तो कशाचा?

- - -

खलबत्ता

दुसऱ्या प्रश्नाचं आधी.

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेक लावायचं काम करतं. ही औषधं गाबाच्या ग्राहकावर (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची गाबा बसायची जागा) वेगळ्या ठिकाणी बसतात आणि गाबाचं काम जोरात करून देतात. वर्षानुवर्षं बाहेरून मदत मिळत राहिली की मेंदू स्वतःचे ब्रेक सैल करतो: ग्राहकांची रचना बदलते, त्यांचा प्रतिसाद मंदावतो, आणि दुसऱ्या बाजूला ग्लुटामेट या मेंदू चेतवणाऱ्या रसायनाचा ॲक्सिलरेटर तापून राहतो. औषध काढलं की ही उलटी घडी नीट बसायला वेळ लागतो. कुणाला काही आठवडे, कुणाला कित्येक महिने.

याचा एक छान पुरावा आहे. फ्लुमाझेनिल हे औषध बेन्झोडायझेपाइनला त्याच्या जागेवरून हुसकावतं. कुणाच्या अंगात खरंच औषध उरलं असेल आणि त्याच्यावर तो अवलंबून असेल, तर फ्लुमाझेनिल दिल्यावर त्रास भडकायला हवा. लंडनमध्ये मॅल्कम लेडर आणि मॉर्टन यांनी १९९२ मध्ये गोळ्या सोडून बराच काळ लोटलेल्या, तरी त्रास होणाऱ्या मोजक्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. त्रास भडकला नाही, उलट बऱ्याच जणांना तात्पुरता आराम पडला. प्रयोग छोटा होता, फार ताणू नये. पण बोट ग्राहकाकडे दाखवतो, चरबीकडे नाही. (घरी करायचा प्रयोग नव्हे हा. फ्लुमाझेनिलने फिट येऊ शकते.)

- - -

टाइनकाठ

मी न्यूकॅसलला नर्स आहे. आमच्याच गावात प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. २०१९ मध्ये त्या गेल्या, पण त्यांचे तक्ते अजून जगभर वापरतात. पाणकणीसताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला आधी डाएट नाही, गणित दिसतंय.

तुम्ही प्रत्येक वेळी चतकोर गोळी काढताय, म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम. ०.५ वरून ०.३७५ वर आलात तेव्हा तेव्हाच्या डोसच्या २५ टक्के गेले. ०.३७५ वरून ०.२५ वर येताना तेवढाच तुकडा ३३ टक्क्यांचा झाला. आता पुढचा तेवढाच चतकोर काढलात तर तो निम्मा, ५० टक्के. तुकडा तोच, घाव दरवेळी खोल. त्यात लहान डोसच्या टोकाला ग्राहकांवरचा परिणाम जास्त झपाट्याने उतरतो. पहिल्या वेळी त्रास नव्हता आणि दुसऱ्या वेळी झाला, याला एवढं पुरेसं आहे.

"पॉइंट फाइव्हच तर आहे" हेही मनातून काढा. ॲश्टन यांच्या तक्त्यात ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचं धरलंय. सगळे तक्ते हाच आकडा देत नाहीत, पण गोळी दिसते त्याहून बरीच ताकदवान आहे याबद्दल वाद नाही.

ॲश्टन दर एक-दोन आठवड्यांनी चालू डोसच्या दहाव्या भागाच्या आसपास कमी करायला सांगत. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये एकत्र काढलेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी करा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर शक्यतो जाऊ नका. तुमच्या डॉक्टरांना हे गणित दाखवा. कुरकुर करणार नाहीत, बहुतेकांना आवडतं.

- - -

काउंटरमागून

माझं मेडिकल आहे, सातारा जिल्ह्यात. चतकोर तुकड्यांबद्दल थोडं. मधे एकच रेघ असलेल्या गोळीचे दोन भाग ठीक होतात, चार भाग कधीच सारखे होत नाहीत. नखाने, सुरीने, विळीच्या पात्यावर, सगळे प्रकार बघितलेत. एक तुकडा मोठा, एक लहान, आणि थोडी भुकटी कागदावर. एवढ्या लहान डोसात आज जास्त, उद्या कमी असं होतं आणि माणूस म्हणतो "आज डाएट बाधलं". गोळी कापायचं यंत्र मिळतं, स्वस्त आहे. कंपनीही अधूनमधून बदलू नका, एकच ठेवा.

अजून एक. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तेव्हा "जुन्या चिठ्ठीवर एक पट्टी द्या ना, ओळखीचे आहोत" म्हणून रागावू नका.

- - -

बिनभाताचा_बंडू

मी तीन-चार वर्षं कीटोवर (कर्बोदकं जवळजवळ बंद, चरबी भरपूर असा आहार) आहे, त्यामुळे इथे शिव्या खायच्या तयारीने लिहितो. :)

डाएटला इतकं निर्दोष सोडू नका, आणि इतकं कुचकामीही समजू नका. कीटो हा आजचा फॅड नाही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या वाइल्डरनी तो फिट येणाऱ्यांसाठी मांडला, आणि अजून औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फिट्सवर तो वापरतात. चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोन्समुळे मेंदूत गाबा-ग्लुटामेटचा तोल शांततेकडे झुकतो असं मानलं जातं. मग २०२१ चा सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकातला अभ्यास: दारू सोडायला रुग्णालयात दाखल झालेल्यांना कीटो आहार दिला, तर पहिल्या आठवड्यात त्यांना बेन्झोडायझेपाइन कमी लागलं. दारूसुद्धा त्याच गाबावर काम करते. मग झोपेची गोळी सोडणाऱ्याला कीटो का नको?

- - -

खलबत्ता

बंडूशेठ, अभ्यास खरा आहे आणि तुम्ही तो नीट सांगितलात. पण त्यातून आपल्याला हवं ते निघत नाही.

एक तर तो दारूबद्दल आहे. दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूपासून बनणाऱ्या ॲसिटेटवर चालायला सरावलेला असतो. दारू बंद झाली की ते इंधन तुटतं आणि कीटोन्स ती जागा भरतात, अशी त्या संशोधकांची कल्पना होती. क्लोनाझेपाम घेणाऱ्याच्या मेंदूचं इंधन कधी बदललेलंच नसतं. दुसरं, ते रुग्ण वॉर्डात होते, रक्तदाब-नाडी-क्षार मोजले जात होते, जेवण मोजून ताटात येत होतं. घरच्या घरी भात बंद करणं ही निराळी गोष्ट आहे.

आता पाणकणीसताईंसाठी महत्त्वाचं. कर्बोदकं अचानक तोडली की पहिले काही दिवस यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतो, त्याच्याबरोबर बांधलेलं पाणी जातं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ जास्त सोडतात. वजनाचा काटा आनंदाने खाली येतो तो आधी याच पाण्याने. आणि त्या दिवसांत काय होतं? छातीत धडधड, पायात गोळे, डोकं हलकं, झोप उथळ, चिडचिड. गोळी उतरवण्याच्या त्रासाशी ही यादी ताडून बघा, जवळजवळ तीच. दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलं तर कुठला त्रास कशाचा, हे तुम्हीच काय तुमच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

जेवणांत लांब खंड पडला की साखर खाली जाते, शरीर ॲड्रेनलिन सोडतं, आणि पहाटे धडधडत जाग येते. ब्रेक आधीच सैल असलेल्या मेंदूला हे जास्तच जोरात जाणवतं. शुगरसाठी काही औषध चालू असेल तर अजूनच.

कीटो वाईट म्हणून नाही सांगत. वेळ चुकीची आहे एवढंच.

- - -

बिनभाताचा_बंडू

ॲसिटेटचा मुद्दा रास्त. तरी मीठ आणि मॅग्नेशियम नीट घेऊन सावकाश सुरुवात केली तर पहिल्या आठवड्याचा त्रास खूप कमी होतो, हे माझं मत कायम. असहमतीसह सहमत.

- - -

मोगरी

माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. रात्री डायझेपाम ५, जेवणानंतर. डॉक्टरांनी आता कमी करायला घेतलीय. त्यांना एकादशी, चतुर्थी, सोमवार सगळं कडक असतं. उपासाच्या दिवशी म्हणतात "आज गोळी जास्त चढली", आणि लग्नाचं जेवण जेवून आले की "आज गोळी लागलीच नाही". आम्ही हसण्यावारी नेत होतो. यात काही तथ्य आहे का?

- - -

खलबत्ता

मोगरीताई, सासरेबुवांचं निरीक्षण एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला लाजवेल असं आहे. या धाग्याचा सगळ्यात रसाळ भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी पोट. डायझेपाम उपाशीपोटी घेतलं तर पाव तासात रक्तात दिसू लागतं आणि साधारण सव्वा तासात कळस गाठतं. बऱ्यापैकी तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतलं तर सुरुवातच पाऊण तासाने होते, कळस अडीच तासांनी, कळसाची उंची सुमारे २० टक्क्यांनी कमी, आणि एकूण शोषलं जाणारं औषधही सुमारे २७ टक्क्यांनी कमी. हे आकडे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले आहेत. लग्नाचा मठ्ठा-जिलबी-मसालेभात खाऊन वर गोळी घेतली की ती उशिरा आणि बोथट लागणार.

मग रक्त. डायझेपामचा साधारण ९८ टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतो. काम करतो तो उरलेला सुटा अंश. आपल्या चरबीतून निघणारी मुक्त मेदाम्लंही त्याच अल्ब्युमिनवर बसतात. उपास लांबला की शरीर चरबी जाळायला काढतं, रक्तात मेदाम्लं वाढतात, डायझेपामला जागा कमी पडते, सुटा अंश वाढतो. जेवण झालं, इन्सुलिन चढलं, मेदाम्लं उतरली की सुटा अंश कमी. नारान्हो आणि सेलर्स यांच्या गटाने १९८० मध्ये हेच प्रसिद्ध केलं. मेदाच्या चयापचयाचा आणि या गोळ्यांचा काही खरा संबंध दाखवता येत असेल तर तो इथे आहे, व्हिडिओतल्या साठलेल्या विषात नाही.

पण यावरून डोस बदलू नका. सुटा अंश वाढला की यकृतालाही साफ करायला तेवढंच जास्त हाती लागतं, आणि थोड्या वेळात गाडी जवळपास मूळ जागी येते. त्यामुळे फरक क्षणिक आणि छोटा असतो. ७८ व्या वर्षी मात्र छोटा फरकही रात्री बाथरूमला उठताना तोल घालवू शकतो. पडणं आणि खुब्याचं हाड, याची भीती मला सगळ्यात जास्त.

क्लोनाझेपाम साधारण ८५ टक्केच चिकटतं, म्हणून पाणकणीसताईंच्या बाबतीत हा परिणाम आणखी किरकोळ.

आणि सासऱ्यांना ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? असेल तर कुठली?

- - -

मोगरी

हो, ओमेप्राझोल. सकाळी उपाशीपोटी, कित्येक वर्षं. नेमकं कसं ओळखलंत?

- - -

खलबत्ता

या वयात, झोपेच्या गोळीसोबत, महाराष्ट्रात. ज्योतिष लागत नाही. :)

डायझेपाम साफ करणाऱ्या यकृतातल्या दोन मुख्य विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एक सी-वाय-पी २-सी-१९. ओमेप्राझोल त्यालाच अडवतं, त्यामुळे डायझेपाम अंगात जास्त रेंगाळतं. भारतात हे विकर जन्मतःच मंद असलेले लोकही युरोपियांपेक्षा जास्त आढळतात. अडचण अशी येते: डायझेपाम उतरवणं चालू असताना कुणीतरी सांगतं "ती ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेणार, बंद करा", आणि सासरे ती बंद करतात. अडथळा गेला, डायझेपाम झपाट्याने साफ होऊ लागलं. वरून डोस तोच, आतून मात्र नकळत कपात झाली. तेव्हा ती गोळी सुरू किंवा बंद करायची तर डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही एकदम हलवू नका.

दुसरं विकर सी-वाय-पी ३-ए-४. अल्प्राझोलामची मुख्य भिस्त याच्यावर. ग्रेपफ्रूट त्याला अडवतं हे सर्वांना माहीत आहे, पण आपल्याकडे ते खातो कोण? आपलं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक, त्यातही विकराला अडवणारी तीच द्रव्यं, फ्युरॅनोकुमरिन्स, असतात. गणपतीत पपनसाच्या दोन फोडी खाल्ल्याने काही होत नाही. रोज ग्लासभर रस प्यायची टूम काढू नका, एवढंच. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, तोही या विकराला थोडा दाबतो. भाजीतल्या मिऱ्यांची काळजी नको.

- - -

वेखंड

अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी यांनी गोळी सोडणं सोपं जातं असं आमचे वैद्य सांगतात. आणि रात्री दुधात जायफळ?

- - -

खलबत्ता

थोडक्यात लिहितो. अश्वगंधेला स्वतःची सुस्ती आहे आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, नसेल तर मधेच सुरू करू नका. जायफळ उगाळून चिमूटभर ठीक. चमचाभर पूड घातली तर विषबाधा होते. धडधड आणि भ्रम, दोन्ही.

खरा उपाय सांगू? दुपारनंतरचा चहा. चार-पाच तासांनीसुद्धा निम्मं कॅफीन अंगात असतं. मेंदूचे ब्रेक सैल असताना सातचा चहा पहाटे तीनला भेटायला येतो.

- - -

गोदाकाठ

नांदेडहून. आमच्या सीमेपलीकडच्या निजामाबाद भागात २०१५ मध्ये जे झालं ते इथे लिहावंसं वाटतं. तिकडच्या ताडीत, म्हणजे कल्लूत, क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळायचे. पिणाऱ्याला वाटायचं आपण ताडी पितोय. सरकारने भेसळीवर धाड घातली, ताडी एकदम बंद झाली, आणि माणसं दवाखान्यात यायला लागली: फिट, भ्रम, मान वाकडी होणं, अंगाला कंप, असंबद्ध बडबड. शेतमजूर, बायका, म्हातारी माणसं. आपण रोज झोपेचं औषध घेतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे वरच्या व्हिडिओत "गोळी सरळ फेकून द्या, उपासाने शरीर शुद्ध होईल" असंही म्हटलंय (मी शोधून पाहिला). एकदम बंद केल्यावर काय होतं ते आमच्या शेजारच्या जिल्ह्याने बघितलंय.

- - -

संपादक

गोदाकाठ यांच्याशी सहमत. या धाग्यावर कुणीही दुसऱ्याला डोस सुचवू नये. एका प्रतिसादात "तीन दिवसांत बंद करण्याचा चार्ट" होता, तो काढून टाकला आहे. ज्यांना जवळ मानसोपचारतज्ज्ञ नाहीत त्यांनी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा, मराठीत बोलता येतं. फिट, भ्रम, भास, जीव नकोसा वाटणं, यातलं काही असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

- - -

हिंगाष्टक

एक शंका, खरीच. गांजा ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर व्यायामाने चरबीतला माल रक्तात येतो असं वाचलं होतं. मग इथे का नाही?

- - -

खलबत्ता

चांगली शंका. सिडनीतल्या २०१३ च्या अभ्यासात नियमित गांजा घेणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटं सायकल मारायला लावली, तर रक्तातलं टीएचसी (गांजातलं नशा आणणारं रसायन) किंचित वाढलं, थोड्याच वेळासाठी. टीएचसी चरबीत डायझेपामपेक्षाही कैकपट विरघळतं, क्लोनाझेपामचं तर नावच नको. डीडीटीसारखी कीटकनाशकं आणखी पुढची. ती चरबीत वर्षानुवर्षं राहतात कारण यकृताला ती नीट मोडताच येत नाहीत, आणि वजन उतरताना रक्तात खरोखर वाढतात. व्हिडिओवाल्यांनी डीडीटीची गोष्ट उचलून क्लोनाझेपामला चिकटवली असावी, असा माझा अंदाज. यकृत क्लोनाझेपाम मोडू शकतं, सगळा फरक तिथेच आहे.

- - -

टाइनकाठ

हल्ली इथे एक नवा प्रकार बघतेय, तिकडेही आला असेल. वजनाची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइड. ती पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतात, म्हणजे गोळी उशिरा लागू शकते. शिवाय खाणं एकदम घटतं, उलट्या झाल्या तर गोळीही बाहेर. गोळी उतरवणं चालू असेल तर इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनाही ते कळायला हवं. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि पेशंट मधे, असं नेहमी होतं.

- - -

पाणकणीस

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे गेले होते, टाइनकाठचं टक्क्यांचं गणित कागदावर लिहून. त्यांनी ते फाइलला लावून घेतलं. सध्या आहे त्याच डोसवर थांबायचं ठरलंय, झोप सावरेपर्यंत पुढची कपात नाही, आणि नंतर तुकडे बरेच बारीक. जेवण परत तीन वेळा: भात थोडा, भाकरी रोज, रात्री फार उशीर नाही. शुगरसाठी चालणं वाढवायचं, डाएटचं डोकं गोळी सुटल्यावर लावायचं. सोडियम-पोटॅशियम तपासायला दिलंय. तूप पूर्वीइतकंच, वरणभातावर एक चमचा. नणंदेला अजून काही सांगितलेलं नाही.

एकच विचारायचं राहिलं. आमच्याकडे नवरात्र बसतं आणि नऊ दिवस माझा उपास असतो. करू का?

- - -

खलबत्ता

निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. मला विचाराल तर यंदा उठता-बसता धरा, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. नऊ दिवस करायचाच असेल तर निर्जळी नको, नुसत्या चहावर तर मुळीच नको. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या, भगर-आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची उसळ, ताक. साबुदाणा कमी, शुगर आहे. ताकात मीठ घाला. गोळीची वेळ घड्याळावर ठेवा, आरतीवर नाही. आरती लांबली तरी गोळी वेळेत. आणि पुढची कपात घटस्थापनेच्या मागच्या-पुढच्या आठवड्यात येणार नाही, असं डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.